यानातलं पाणी कोनं बंद केलं?

ज्या रविवारी रेडिओवरच्या माळ्याले चंद्रावर एकटं सोडून दिलं, त्या रविवारी आमच्या दुकानातले सगळे भाजीवाले कास्तकार चूप झाले होते. एरवी हे लोक चूप बसत नाईत. मी त्याईच्यातच लहानाचा मोठा झालो, मले माहीत आहे.

आमचं कृषी केंद्र आर्वीत, बस डेपोच्या जवळ. बियाणं, खत, औषध, फवारणीचे पंप. बाबा गल्ल्यावर बसत. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाले होतो आणि उरलेल्या वेळात नकला करत होतो. म्हणजे सगळ्याच वेळात. डेपोतल्या माईकवरच्या बाईच्या आवाजात मी गोदामातून नुसतं "आर्वी-तळेगाव, फलाट क्रमांक तीन" म्हटलं, का दुकानापुढचे दोघं-तिघं पिशव्या उचलून उभे राहत. प्रिन्सिपलची नक्कल होती, एका दलालाची होती, बाबाचीही होती. बाबाची फक्त बाबा जेवायले गेल्यावर.

नव्वदीचं दशक सरत आलतं. घरोघरी टीव्ही आलता, पण आमच्या दुकानात रेडिओच होता, आणि दर रविवारी सकाळी दहाले त्याच्यावर एक मालिका लागे. अंतराळयानाची. तिचं नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं 'यान' म्हणत होतो. भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, नऊपर्यंत आटपे. टोपल्या रिकाम्या झाल्या का आठ-दहा कास्तकार बियाण्याच्या निमित्तानं येत, पोत्यायवर बसत, बाबा चहा सांगत आणि यान सुटे.

गोष्ट अशी होती, का बारा माणसं यानात बसून पृथ्वीवरून निघाली, त्याले वर्ष होत आलं. एवढ्या माणसाईले श्वास घ्यायले हवा पाहिजे म्हणून यानात एक हिरवी खोली होती. तिच्यात झाडं. झाडाईले पाहायले एक म्हातारा माळी. त्याले एका भागात दोन-तीन वाक्यं भेटत. पण आमच्या दुकानातला हिरो तोच. कॅप्टन बोलायले लागला का लोक तंबाखू चोळत. माळी बोलला का, "आवाज वाढव बे!"

आणि चर्चा!

"यानात माती कोनती नेली असन?"

"काळी त नाई नेली. बुटाले चिकटून साऱ्या यानात झाली असती."

"आन खत?"

"अबे, बारा माणसं आहेत ना वर वर्षभराचे! खताची काय कमी?"

बाबा गल्ल्यावरून म्हणत, "चहा पिऊन राह्यले लोक, जरा तोंड सांभाळा."

या चर्चेत एक माणूस कधी हसत नसे. आम्ही त्याईले काका म्हणत होतो. तळेगाव रोडवर त्याईचं दोन एकर वावर, त्यात भेदरं, वांगे, मेथी, सांभार. बाहेरच्याले सांगतो, भेदरं म्हणजे टमाटे आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. काका रेडिओजवळच्या पोत्यावर बसत, डोळे मिटत आणि भाग संपेपर्यंत उघडत नसत. संपल्यावर मग बोलत. ते बोलत तेव्हा लोक ऐकत, पण मागे एकमेकाले डोळे मारत.

त्याचं कारण सगळ्या बाजाराले ठाऊक होतं. काका तरणे असताना एका सरकारी रोपवाटिकेत माळी होते. तिथी संत्र्याच्या रोपाईचा अख्खा वाफा वाळून गेला आणि त्याईले कामावरून काढलं. पाणी द्यायले विसरला, असा ठपका होता. तेव्हापासून "काकाचा हात लागला का रोप वाळते" असं लोक म्हणत. त्याईच्या घरीही तेच. वावरातल्या मोटारच्या पेटीची चाबी पोराकडे. पोरगा वीस-बावीसचा, माह्यापेक्षा थोडा मोठा. चाबी शर्टाच्या बटनाले बांधून फिरे. बाप निंदण करे, तोडा करे, टोपले वाहे. पाणी मात्र पोरगाच सोडे. "बाबा इसरतात," असं तो सरळ चारचौघात सांगे, आणि काका टोपलं उचलून पुढे जात.

तर तो भाग.

सुरुवातीले हिरवी खोली. आम्हाले खोली ऐकून कळे, कारण तिथी पाण्याचा आवाज राहे. टिप... टिप... टिप. यानाले वर्ष झालं म्हणून कॅप्टन सगळ्याईले त्या खोलीत जमवते आणि भाषण देते. "मित्रहो," आणि मग पृथ्वी, मानवजात, कर्तव्य. लंबं भाषण. टाळ्या. मग संगीत, आणि निवेदक सांगते का तीन दिवस गेले. आता खोलीतली पानं वाळली. डॉक्टरीण घाबरून म्हणते का आठ दिवसाची हवा उरली. कॅप्टन माळ्याले उभा करते. "तू कुठे होतास?" माळी म्हणते, "साहेब, मला ताप होता. मी झोपलो होतो." "बारा जणांचे प्राण तुझ्या हातात, आणि तू झोपलास?" एका ओसाड चंद्रावर जुना तळ राहते, तिथी त्याले उतरवून देतात. दार लागते, स्स्स्. संपला भाग.

चोळलेली तंबाखू हातातच राह्यली. मग एक जण म्हणाला, "बरोबरच आहे म्हना. पानी द्यायचं सोडून झोपला ना तो."

काकाईनं डोळे उघडले. "पानी त्यानं नाई बंद केलं."

"मंग कोनं केलं?"

"कॅप्टननं."

"घ्या!"

"पहिल्यापासून आवाज होता का नाई पान्याचा? टिप टिप? कॅप्टन भाषणाले उभा राह्यला आन आवाज बंद. मंग शेवटलोग आलाच नाई. भाषण ऐकू यावं म्हनून पानी बंद कराले लावलं. आन सुरू कराचं सारे इसरले. माळ्याले त ताप होता. नाव त्याच्यावर."

दुकान हसलं. मीही हसलो. पण मी दर भाग कॅसेटवर भरून ठेवत होतो, नकलेच्या सरावासाठी. मी टेप मागे घेतली आणि लावली. काकाईचं खरं होतं. "मित्रहो" म्हटल्याबरोबर टिपटिप गायब, आणि पुन्हा कुठंच नाई.

मी शहाणपणा शिकवला. "काका, हे यानातल्याईनं नाई केलं. रेडिओवाल्याईनं केलं. डायलॉग नीट ऐकू यावे म्हणून मागचा आवाज काढतात ते."

"मंग मी काय म्हणून राह्यलो?" काका म्हणाले. "बोलनाऱ्याचं बोलनं ऐकू यावं म्हनून पानी बंद केलं. रेडिओवाल्याईनं केलं का यानवाल्याईनं केलं, झाडं त वाळलेच ना."

मी कॅप्टनच्या आवाजात "चहा आणा!" म्हणून वेळ मारून नेली.

काका उठता उठता म्हणाले, "बाबू, कार्ड लिही माह्या नावानं."

आमच्या दुकानाचा श्रोता संघ होता. त्या काळी आमच्याकडे असे संघ गावोगावी होते. संघाचा शिक्का राहे, पोस्टकार्डं राहत, आणि रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी श्रोत्याईची पत्रं वाचत. आपलं नाव रेडिओवर येणं म्हणजे मोठीच गोष्ट. संघाचा लिहिणारा मी, कारण अक्षर चांगलं. काकाईनं उभ्या उभ्या सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं: "माळी निर्दोष आहे. भाग पुन्हा ऐकावा. पाण्याचा आवाज कोणाच्या बोलण्यासाठी बंद झाला ते तपासावं. माळ्याले परत यानात घ्यावं आणि ज्यानं बंद कराले लावलं त्यानं ते कबूल करावं." मग म्हणाले, "खाली माहं पूर्ण नाव टाकजो. गावासकट."

घरी कार्ड लिहायले बसलो आणि मले ते पत्र लय कोरडं वाटलं. रेडिओवर गमतीची पत्रं वाचतात, हा माहा अनुभव. हे कोण वाचन? काकाईचं नाव यावं असं मले मनापासून वाटत होतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. म्हणून मी मजकूर 'सुधारला'. लिहिलं: "आपल्या यानात माळ्याची जागा रिकामी झाल्याचे समजले. तरी मी अर्ज करीत आहे. भेदरं, वांगे, सांभार लावून देईन. मला या कामाचा अनुभव आहे. यान आर्वी डेपोतून सुटत असल्यास फलाट कळवावा." खाली काकाईचं पूर्ण नाव, गाव, आणि संघाचा शिक्का ठसठशीत.

गुरुवारी काका धुतलेला शर्ट घालून आले. हर्रासातले चार-पाच जण होते, काकाईचा पोरगा होता, बाबा होते. तिसरंच पत्र आमचं. काकाईचं नाव आलं तसे ते पोत्यावर ताठ झाले, हात मांडीवर ठेवले. निवेदिका वाचायले लागली आणि मधातच तिले हसू फुटलं. दुकानातही लोक हसत होते. मी तर आधीपासूनच हसत होतो.

मग तिनं ते वाक्य वाचलं: "मला या कामाचा अनुभव आहे."

दुकान फुटलं. एकानं मांडीवर थाप मारली. काकाईचा पोरगा तोंडावर रुमाल धरून हसत होता. आणि मले तेव्हा, त्या सेकंदाले कळलं का मी काय लिहिलं. लिहिताना नव्हतं कळलं. कोणाची शपथ घेऊ?

काका माह्याकडे पाहून राह्यले होते. रागानं नाई. आपण दिलेलं बियाणं दुसरंच उगवलं का माणूस जसा वाफ्याकडे पाहते, तसं.

"हे मी सांगतलं नोतं," ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले.

पुढचे पंधरा दिवस बाजारात नुसता तमाशा. "काका, यान लागलं का फलाटाले?" "काका, चंद्रावर भेदरं काय भावानं?" पोरगा त्याईच्याच टोपल्यापाशी उभा राहून म्हणे, "नोका पाठवू बाप्पा माह्या बाबाले, चंद्रबी वाळन." माह्या पत्रानं त्याईले विषय भेटला होता. काका दुकानात यायचे बंद झाले. रविवारी रेडिओजवळचं ते पोतं रिकामं राहे, त्याच्यावर कोन्हीच बसत नसे.

बाबा एवढंच म्हणाले, "साऱ्या गावाचे आवाज येतात तुले. पण ज्याचा आवाज काढाले बसवलं, त्याचा काढला नाई."

मी सायकल घेतली आणि वावरात गेलो. काका मेथीत बसून निंदत होते. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा. काय बोलावं ते सुचेना. नकला करणाऱ्याचं हेच, दुसऱ्याचं काहीही तोंडपाठ राहते.

"बस," काका म्हणाले. "मेथीवर पाय नोको देऊ."

बसलो. मग काका आपणहून बोलले, निंदता निंदता, माह्याकडे न पाहता.

"मोठा साहेब आलता रोपवाटिकेत. मंडप टाकलता, माईक, हारतुरे. मोटार सुरू होती, संत्र्याले पानी चालू होतं. साहेब भाषणाले उभे राह्यले आन म्हने, हे भटभट बंद करा. आमच्या सायबानं मले इशारा केला. मी बंद केली. हात माहाच होता, खोटं काऊन सांगू? भाषण झालं का लगेच मले खुर्च्या-मंडपाच्या गाडीवर बसोलं. खुर्च्या वापस कर, मंग वर्ध्याहून रोपं घेऊन ये. तीन दिवस गेले तेच्यात. जाताना सायबाले म्हटलं, मोटार सुरू कराले सांगजा. हो म्हने. उन्हाळ्याचे दिवस. आलो त वाफा जळलेला."

"तुम्ही सांगितलं नाई का?"

"सांगतलं. पन पानी देनारा म्हनून कागदावर माहं नाव होतं."

"आणि घरी?"

"बायकोले माहीत होतं. ती गेली. पोट्टं तवा पाच वर्षाचं होतं. मोठं झालं तसं बाजारातून शिकलं. आता मी सांगतलं त म्हनन, म्हातारा स्वतःले वाचवून राह्यला." त्याईनं हातातलं गवत धुऱ्यावर फेकलं. "तू हसवलं, ते ठीक आहे. लोकाईले हसवाचं. पन नाव माहं टाकलं तू, बाबू."

मी घरी येऊन त्याच दिवशी दुसरं कार्ड टाकलं. वहीत होतं तसं, शब्दाले शब्द. दोन गुरुवार वाट पाहिली. वाचलं नाई. काही उत्तरही नाई. माहा अनुभव एवढा मात्र खरा ठरला.

मग एका रविवारी हर्रास आटपला, लोक जमले. काकाईचा पोरगा वांग्यावरचं औषध न्यायले आलता. यान सुटायले अर्धा तास होता. मी कॅसेट लावली.

"काय करून राह्यला बे? जुना भाग आहे हा."

"आज नक्कल नाई," मी म्हटलं. "एक काम करा. पाण्याचा आवाज येते तोपर्यंत हात वर ठेवा. बंद झाला का खाली करा. बस."

"शाळा आहे का हे?"

"करा ना जी एकदा."

बाबाईनं गल्ल्यावरून पहिला हात वर केला, म्हणून मग बाकीच्याईनं केला. टिप... टिप... टिप. मातीचे, चुना लागलेले, औषधाच्या वासाचे दहा-बारा हात वर. पोराचाही, दुसऱ्या हातात औषधाची बाटली. मग कॅप्टन म्हणाला, "मित्रहो..." आणि हात एक एक करून खाली आले. सगळ्यात शेवटी पोराचा. तो कान देऊन ऐकत होता.

मी टेप बंद नाई केली. भाषण गेलं, टाळ्या गेल्या, तीन दिवस गेले, पानं वाळली. हात काही पुन्हा वर गेला नाई. "आणि तू झोपलास?" कॅप्टन गरजला, तेव्हा एक म्हातारा कास्तकार हळूच म्हणाला, "तुह्याच भाषणासाठी बंद केलं ना रे बाबू." तो हे कॅप्टनले म्हणत होता. मग माह्याकडे वळून म्हणाला, "काका त खरं सांगत होता बे."

मग मी सांगितलं का अर्जाचं पत्र काकाईचं नव्हतंच, माहं होतं. आणि त्याईचं होतं ते वहीतून वाचून दाखवलं. कोणाच्याही आवाजात नाई. माह्या स्वतःच्या आवाजात मले चार वाक्यं वाचायची सवय नव्हती, दोनदा अडखळलो. कोन्ही हसलं नाई. रोपवाटिकेची गोष्ट मी सांगितली नाई. ती काकाईनं मले धुऱ्यावर बसवून सांगितली होती, दुकानात वाटायले नाई.

पोरगा औषध न घेताच बाहेर गेला. मी बाटली घेऊन मागे गेलो. तो सायकलीपाशी उभा होता, बटनाची चाबी बोटानं फिरवत.

"तिथीबी असंच झालं होतं का?" त्यानं विचारलं. "रोपवाटिकेत?"

"तुह्या बापाले विचार."

"तुले माहीत आहे. सांग ना."

"मी सांगितलं त पुन्हा नक्कल होईन," मी म्हटलं. "तूच विचार. आणि चूप बसून ऐकजो."

त्यानं विचारलं का नाई, किती दिवसानं विचारलं, मले ठाऊक नाई. मीही कधी खोदलं नाई. बाजारातलं चंद्रावरचं बोलणं मात्र कमी कमी होत बंद झालं.

महिन्याभरानं यानाचा शेवटचा भाग होता. त्या दिवशी दुकानात उभं राहायले जागा नव्हती. काकाईले निरोप पाठवलता, "या म्हणावं, पोतं रिकामं ठेवतो." दहा वाजले, भाग सुरू झाला, काका नाई. साडेदहाले यान पृथ्वीवर उतरलं, टाळ्या, संगीत, समाप्त. माळ्याचं कोन्ही नावही घेतलं नाई. चंद्रावर राह्यला तो राह्यलाच. लोक थोडे शिव्या देऊन, थोडे डोळे पुसून गेले.

अकराच्या सुमारास काका आले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायाले पोटऱ्यापर्यंत ओला चिखल. दुकानाच्या पायरीवर पाय झटकत म्हणाले, "मोटारची लाईन दहालेच आली, बाबू. पानी सोडून येता नाई आलं. पान्याचा दांड फुटला होता एक, तो बांधत बसलो."

त्याईच्या शर्टाच्या बटनाले चाबी होती.

मी पाहिली. बाबाईनंही पाहिली. बाबाईनं फक्त चहा सांगितला.

"सांग बे," काका पोत्यावर बसले, डोळे मिटले. "काय काय झालं?"

मी सुरू केलं. कॅप्टन केला, डॉक्टरीण केली, दाराचं स्स्स् केलं. यानाचा घर्र आवाज तर रेडिओपेक्षा चांगला केला. पाच मिनिटं झाली असतील, काकाईनं हात वर करून थांबवलं.

"आन पानी?"

"काका, एका तोंडानं दोन आवाज कसे काढू?"

"ते मले काय माहीत? हिरवी खोली आहे ना अजून यानात? मंग पानी पाहिजे."

गल्ल्याजवळ पालकाच्या बियाचा रिकामा डबा होता. तो ओढला आणि डाव्या हाताच्या नखानं वाजवायले लागलो. टिप... टिप... टिप. काकाईनं मान हलवली. मी पुन्हा कॅप्टन झालो. शेवटचं मोठं भाषण आलं, "मित्रहो," आणि माहा डावा हात आपोआप उचलला गेला, कारण कॅप्टन दोन्ही हात पसरून बोलते, अशी माह्या नकलेतली रीत होती.

"हात थांबवू नोको," काका डोळे न उघडता म्हणाले.

मी ते सगळं भाषण एका हातानं केलं.